आधी तपासणी, मग बोलणं

घरात गर्भपात झाला की पहिला प्रश्न "काय झालं?" असा नसतो, "तिने काय केलं?" असा असतो. पपई खाल्ली असेल, ओझं उचललं असेल, नजर लागली असेल. मग तावीज येतो, टोमणे येतात. दोन-तीनदा असं घडलं की मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रणाली बंद पडली की आम्ही आधी नोंदी तपासतो, माणसाकडे बोट नंतर. गर्भपाताचीही अशी नोंद असते, वारेच्या ऊतीत. वार गर्भाच्याच पेशींपासून बनते, म्हणून गर्भाची गुणसूत्रं तिच्यात तपासता येतात.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. या वाटणीत चूक झाली तर एखादं गुणसूत्र जास्त येतं किंवा कमी पडतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे हेच कारण असतं. १६ क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन होणं हा नेहमी आढळणारा प्रकार. ही चूक बहुतेकदा योगायोगाने होते. आईच्या वाढत्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. जिना चढल्याने नाही.

पहिल्याच गर्भपातानंतर प्रत्येकीला ही चाचणी लागत नाही. पुन्हा पुन्हा झाला तर मात्र क्युरेटिंगच्या आधीच डॉक्टरांशी बोला. पेशी वाढवून गुणसूत्रं मोजायची तर त्या जिवंत लागतात. नमुना फॉर्मलिनमध्ये गेला की ती संधी जाते. नमुना थोडासाच लागतो. दफनाची इच्छा असेल तर तीही रुग्णालयाला आधीच सांगा.

अहवालात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली तर नवरा-बायको दोघांचं रक्त तपासावं लागतं. ती वडिलांकडूनही आलेली असू शकते. गुणसूत्रं ठीक निघाली, तरी दोष बाईचा ठरत नाही. थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार यांची तपासणी उरते.

अहवालाने गेलेलं मूल परत येत नाही. पण आईच्या डोक्यावरचं खोटं ओझं उतरू शकतं. म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "तिने काय केलं?" असं विचारलं, तर उत्तर तिला द्यायला लावू नका. तुम्ही द्या.