टक्क्यांचे सत्कार पुरे, आता हातांना काम द्या

गेल्या जूनमध्ये आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ झाला. सभागृह भरले होते. दहावी-बारावीची मुले एकेक करून व्यासपीठावर आली, नावापुढे टक्के पुकारले गेले, पुष्पगुच्छ दिले, फोटो निघाले. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी विज्ञानात जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या एका मुलीला मी सहज विचारले, ‘‘बाळ, मटकीला मोड येतो ना, तो मोड म्हणजे पुढे रोपाचे काय होते? मूळ, खोड की पान?’’ तिने जर्मिनेशनची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली आणि मग गप्प झाली. शेजारी उभी असलेली तिची आजी हसून म्हणाली, ‘‘अगं, मूळ! दर आठवड्याला मी फडक्यात मटकी बांधते, कधी बघितली नाहीस का?’’

मुलीचा दोष नाही. दोष आपला आहे, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे. घरात दर आठवड्याला प्रयोग चालतो आणि ते लेकरू पहाटे एका क्लासला, संध्याकाळी दुसऱ्या क्लासला जाते. शाळेतल्या प्रयोगवहीत निरीक्षणे लिहिली जातात, पण ती फळ्यावरून उतरवलेली. प्रयोगशाळेला कुलूप. ‘‘सर, असे का होते?’’ विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळते, ‘‘परीक्षेत येणार नाही, पुढे चला.’’ त्याला आपण हुशारी म्हणतो आणि त्याचा सत्कार करतो!

बंधू-भगिनींनो, आपण बडोद्याचे मराठी. सयाजीराव महाराजांचे नाव घेतल्याशिवाय आपले एकही भाषण संपत नाही. मग महाराजांनी काय केले ते एकदा नीट आठवू या. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात लागू केले. त्याआधीच, १८९० मध्ये, कलाभवन उभे राहिले. त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. सुरतेच्या सुतार घराण्यातला हा माणूस रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. कलाभवनात रंगाई, चित्रकला, यंत्रकाम, बांधकाम हे विषय हाताने करून शिकवले जात आणि ते देशी भाषांतून शिकवावेत असा गज्जरांचा आग्रह होता. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. त्या इमारतीसमोरून आपण रोज जातो, पण तिचा अर्थ विसरलो आहोत.

याच कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके. त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी काय केले? कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. ते पाहून पैसे गुंतवणारी माणसे पुढे आली. घरात फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. भारतीय चित्रपटाचा धंदा एका कुंडीतल्या वाटाण्यापासून आणि नवरा-बायकोच्या हातांपासून सुरू झाला. आणि आपल्या मुलीला मटकीचा मोड माहीत नाही!

कोणी म्हणेल, ‘‘हे सगळे ठीक, पण प्रवेश टक्क्यांवर मिळतो, नोकरी प्रवेशावर मिळते. सुतारकाम करून पोट भरणार आहे का?’’ हा प्रश्न खोटा नाही. बारावीच्या वर्षी अभ्यास घोटावा लागतो, त्यातून सुटका नाही. पण पहिली ते आठवीला कोणती प्रवेश परीक्षा आहे? त्या आठ वर्षांत मूल का घोटते? आणि कलाभवन हौसेसाठी नव्हते, पोटासाठीच होते. हाताने शिकला त्यालाच काम मिळेल, या हिशेबाने ते काढले होते. खरी अडचण वेगळी आहे आणि ती बोलायला आपण लाजतो. गायकवाडी अमलात आपल्यातले पुष्कळ जण कारकुनीत रमले. लेखणी आपली, हात मळवणे दुसऱ्याचे, ही सवय अजून गेलेली नाही.

गुजरातच्या याच मातीत १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढले. मुलाला गोष्ट, माती, बाग आणि मोकळीक द्या, असे ते सांगत. त्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडक यांनी काम केले आणि तेच बीज पुढे १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला नेऊन रुजवले. म्हणजे हा विचार परका नाही, तो आपल्याच दोन भाषांनी मिळून वाढवला आहे.

यात मराठीचाही प्रश्न आहे. मराठी शाळेचे वर्ग रिकामे होतात म्हणून आपण ठराव करतो आणि स्वतःची नातवंडे इंग्रजी माध्यमात घालतो. घरात मराठी उरली ती ‘जेवायला ये’ आणि ‘झोप आता’ एवढ्यापुरती. रंधा, पटाशी, कानस, ओळंबा हे शब्द निबंध लिहून टिकत नाहीत. ज्याच्या हातात रंधा असतो त्याच्याच तोंडी तो शब्द राहतो. आजीच्या शेजारी बसून मूल मटकी बांधेल, तेव्हा विज्ञानही शिकेल आणि मराठीही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याजवळ बसून शिकायचे. कागदावर उत्तम आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत हे दहा दिवस झाले का? पालकसभेत विचारा. मते मागायला दारात येणाऱ्या उमेदवारालाही विचारा, की महापालिकेच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती दिवस उघडते. गणपतीची वर्गणी आणि सभागृहाची जागा यापलीकडे आपण काही मागतच नाही, म्हणून मिळतही नाही.

आणि मंडळाकडे तीन मागण्या. एक, पुढच्या वर्षीपासून गुणगौरवात टक्क्यांइतकाच मान स्वतः काही बनवून किंवा निरीक्षण करून आणणाऱ्या मुलाला द्या. दोन, मे महिन्यात सभागृह लग्नांना देता, त्यातले पंधरा दिवस मुलांच्या कार्यशाळेला द्या. निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन, शिवणकाम जाणणाऱ्या काकू, सुगरण आज्या आपल्यातच आहेत, त्या शिकवतील आणि मराठीत शिकवतील. तीन, खर्चाचे म्हणाल तर पुष्पगुच्छांचे पैसे वाचवा. तेवढ्यात पंधरा हातोड्या, करवती आणि भिंगे येतील.

वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्याने जरूर करावा. पण येण्याआधी घरच्या नातवंडाला एकदा विचारावे, मटकीचा मोड म्हणजे मूळ, खोड की पान? उत्तर आले नाही, तर हात माझ्या बाजूने वर करावा.