विश्लेषण : पावसाळ्यासाठी ड्रायर घ्यावा का? घेतला तर वीज किती लागेल?

सलग आठवडाभर पाऊस लागला की घराघरांत एकच दृश्य दिसते. दारांवर पंचे, खुर्च्यांच्या पाठींवर शाळेचे गणवेश, पंख्याखाली ओढलेला कपड्यांचा स्टँड आणि सगळीकडे तो ओळखीचा कुबट वास. अशा वेळी कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची जाहिरात मोबाइलवर दिसली की बोट आपोआप तिच्यावर जाते. ‘कमी विजेत कपडे कोरडे’ असा दावा बहुतेक जाहिरातींत असतो. त्या दाव्यात तथ्य किती, कोणत्या घराला ड्रायर खरोखर परवडतो आणि कोणाचे काम त्याच्याविना भागते, याचा हिशेब.

ड्रायर म्हणजे नेमके कोणते यंत्र?

आपल्याकडे गोंधळ इथूनच सुरू होतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला अनेक घरांत ‘ड्रायर’ म्हणतात. तो कपडे वाळवत नाही, वेगाने गरगर फिरवून पिळतो. फुल्ली-ऑटोमॅटिक मशीनमधले ‘एअर ड्राय’ किंवा ‘टब ड्राय’ही बहुतेक वेळा पिळण्याचाच पुढचा टप्पा असतो. खरा ड्रायर कपड्यांतले पाणी उष्णतेने वाफ करून बाहेर काढतो.

असे ड्रायर मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला व्हेंटेड. तो हीटरने हवा तापवतो आणि दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडतो. दुसरा कंडेन्सर. त्यातही हीटरच असतो, पण वाफेचे पाणी होऊन टाकीत साठते. तिसरा हीट पंप. हे यंत्र फ्रिज किंवा एसीच्या तत्त्वावर चालते. त्यातल्या थंड नळ्यांवर दमट हवेतले पाणी गळून पडते, त्यातून सुटलेली उष्णता वाया न जाता गरम नळ्यांकडे जाते आणि तीच हवा पुन्हा तापून कपड्यांमध्ये फिरते. उष्णता पुन:पुन्हा वापरली जात असल्यामुळे वीज कमी लागते. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारे ‘वॉशर-ड्रायर’ही मिळतात. त्यांपैकी अनेकांत हीटरच असतो. शिवाय आठ किलो धुणारे असे यंत्र एका वेळी साधारण पाच किलोच वाळवते, हे लक्षात ठेवावे.

वीज नेमकी कशावर खर्च होते?

कपड्यांवर नव्हे, पाण्यावर. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गनियम आहे, कोणतीही कंपनी तो बदलू शकत नाही. हीटरच्या ड्रायरमध्ये काही उष्णता वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात लिटरमागे ०.९ युनिटच्या आसपास खर्च होतो. हीट पंप तीच उष्णता फिरवत राहतो, त्यामुळे त्याचे काम साधारण ०.४ युनिटमध्ये होते.

आता पाच किलो सुती कपड्यांचा एक घाणा धरू. चांगले पिळल्यावरही त्यांत अंदाजे तीन लिटर पाणी उरते. ते घालवायला हीटरच्या ड्रायरला सुमारे तीन युनिट लागतील, हीट पंपला सव्वा युनिट. म्हणजे हीट पंप निम्म्याहून कमी विजेत काम करतो, हा दावा खरा आहे. वेळ मात्र जास्त लागतो. तो साधारण ५० अंशांच्या उबेवर काम करत असल्याने एका फेरीला दोन ते तीन तास सहज जातात. कमी तापमानाचा एक फायदा असा की कपडे कमी आटतात आणि लवकर विरत नाहीत.

मग हीट पंप घेतला की पैसे वाचले?

इथे जाहिरात थांबते आणि गणित सुरू होते. समजा, हीट पंपचा ड्रायर हीटरच्या ड्रायरपेक्षा ३० हजार रुपयांनी महाग आहे आणि युनिटचा दर सरासरी १० रुपये आहे. पावसाळ्याचे चार महिने दिवसाआड एक घाणा, म्हणजे वर्षाला ६० फेऱ्या. हीटरच्या ड्रायरला १८० युनिट लागतील, हीट पंपला ७५. बचत १०५ युनिटची, म्हणजे १,०५० रुपयांची. या वेगाने ३० हजार रुपये वसूल व्हायला २८ वर्षे लागतील. तेवढे यंत्राचे आयुष्यही नसते.

तेच घर बदलून पाहा. तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, रोजची चादर आणि बाल्कनीही नाही. वर्षाला ३०० फेऱ्या होत असतील तर बचत ५२५ युनिटची, म्हणजे सव्वापाच हजार रुपयांची. मग पावणेसहा वर्षांत फरक भरून निघतो. यंत्र तेच, वीज वाचवण्याची क्षमता तीच, पण एका घरात ते हौस ठरते आणि दुसऱ्या घरात शहाणपणाची खरेदी. त्यामुळे दुकानात जाण्याआधी वर्षातल्या फेऱ्या मोजायला हव्यात.

युरोपात हीट पंपच का चालतो?

स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच हीट पंपच्या दर्जाचेच ड्रायर विकायला परवानगी दिली. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यांतील कार्यक्षमतेची अट हीटरचे ड्रायर पूर्ण करू शकत नाहीत, त्यामुळे नव्या विक्रीतून ते व्यवहारात बाद झाले. ज्या देशांत हिवाळा लांब असतो आणि ड्रायर वर्षभर फिरतो, तिथे असा नियम योग्यच आहे. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने ऊन फुकट मिळते. तिकडचे यंत्र चांगले आहे म्हणून तिकडचे गणित आपल्या घराला लागू होत नाही.

त्या नियमांचा एक भाग मात्र आपल्या कामाचा आहे. तिथल्या लेबलवर १०० फेऱ्यांमागे किती युनिट लागतात, हा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन २००६ पासून सुरू झाले आणि ग्राहकाला तारे मोजायची सवय लागली. ड्रायर घेताना तारे दिसोत वा न दिसोत, विक्रेत्याला एवढेच विचारावे : सुती कपड्यांच्या पूर्ण भरलेल्या फेरीला किती युनिट? उत्तर माहितीपत्रकात नसेल तर ‘ऊर्जा बचत’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

वीजबिलाच्या टप्प्यांचा काय परिणाम?

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर साधारण दुप्पट असतो, पुढे तो आणखी चढतो. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही. एखादे घर महिन्याला २८० युनिट वापरत असेल आणि वरच्या हिशेबाने महिन्याला १५ फेऱ्या होत असतील, तर हीटरच्या ड्रायरने वापर ३२५ वर जाईल. हीट पंपने तो ३०० च्या आतच राहील. ज्यांचा वापर टप्प्याच्या काठावर आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते. ड्रायर रात्रीऐवजी दुपारी लावणे त्यांच्या फायद्याचे.

घरात कपडे वाळवले तर बिघडते काय?

बिघडते, आणि ते बिलात दिसत नाही. स्टँडवरच्या कपड्यांतले तीन लिटर पाणी कुठेतरी जातेच. खिडक्या बंद असतील तर ते भिंतीत, गादीत आणि कपाटामागे मुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत ओलसर घरांचा संबंध दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असल्याचे नोंदवले आहे. म्हणून घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ड्रायरचा विचार केवळ पैशांच्या वसुलीवर करू नये.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘पोर्टेबल’ ड्रायरबाबत इथेच सावध व्हावे. कापडी कपाटाखाली साधारण एक हजार वॉटचा हीटर आणि पंखा, एवढाच तो मामला असतो. तीन लिटर पाण्याला किमान दोन युनिट लागतात, म्हणजे पाच किलोच्या घाण्याला दोन तासांत न्याय मिळणे शक्यच नाही. वर सगळी वाफ खोलीतच सुटते. दोन-चार मोजे-रुमालांसाठी ठीक, घरभराच्या कपड्यांसाठी नाही.

ड्रायर न घेता काम कसे भागेल?

सर्वात स्वस्त उपाय वॉशिंग मशीनमध्येच असतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळल्यावर पाच किलो सुती कपड्यांत सुमारे साडेतीन लिटर पाणी उरते, १,४०० च्या वेगाने अडीच लिटर. हा एक लिटरचा फरक पिळून काढायला नगण्य वीज लागते. तोच हीटरवर घालवायचा तर जवळपास एक युनिट. म्हणून पावसाळ्यात जाड कपड्यांना दोनदा स्पिन द्यावा. नवे मशीन घेतानाही स्पिनचा वेग आधी पाहावा.

त्यानंतर पंखा. ७५ वॉटचा साधा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट लागते, बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. कपडे दाटीने न घालता मध्ये बोटभर जागा सोडावी. पावसाची झड आत येत नसेल अशी एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर पंखा तीच दमट हवा घुसळत राहतो. बंद खोलीत वाळवायचे असेल तर हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर हा मधला मार्ग आहे. तो हीट पंपच्याच तत्त्वावर चालतो आणि भिंतींची ओलही कमी करतो. पावसाळ्यापुरती गरज असलेल्या बऱ्याच घरांना ड्रायरपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

घेतलाच, तर वापरताना काय पाळावे?

ओलावा ओळखणारा सेन्सर असलेले मॉडेल निवडावे. केवळ टायमरवर चालणारे यंत्र कपडे वाळल्यानंतरही वीज खात राहते. ड्रम अर्धा रिकामा फिरवू नये आणि ठासूनही भरू नये. जीन्स, टॉवेल एका फेरीत, शर्ट-कुर्ते दुसऱ्या फेरीत ठेवले तर वेळ वाचतो. कपड्यावरच्या लेबलवर चौकोनातल्या वर्तुळावर फुली असेल तर तो कपडा ड्रायरमध्ये घालू नये. रेशीम, जर आणि लोकर दोरीवरच बरी.

जाळीत साचणारा कपड्यांचा भुसा प्रत्येक फेरीनंतर काढावा. भुसा साचला की हवा अडते, वीज वाढते आणि आगीचाही धोका असतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी तिथल्या घरांत ड्रायरमुळे लागणाऱ्या आगींची संख्या वर्षाला सुमारे २,९०० असल्याचे सांगितले होते आणि सफाई न करणे हे त्यामागचे प्रमुख कारण ठरले होते. मालिशचे तेल किंवा स्वयंपाकाचे तेल मुरलेली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नयेत. त्यांतले उरलेले तेल तापून पेट घेऊ शकते.

हीटरच्या यंत्राला दोन हजार वॉटच्या पुढे वीज लागू शकते. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे, एक्स्टेन्शन बोर्ड नको. व्हेंटेड ड्रायरची नळी खिडकीबाहेरच काढावी. टाकीत जमणारे पाणी लादी पुसायला चालते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नये.

प्रश्न फक्त यंत्राचा आहे का?

नाही. पूर्वी पडवीतल्या दांडीवर आणि चुलीच्या उबेला कपडे वाळत. शहरात ते काम बाल्कनीने केले. पुढे बाल्कनी खोलीत मिळवली गेली, ‘ड्राय बाल्कनी’ वॉशिंग मशीनपुरती उरली आणि काही सोसायट्यांनी इमारतीची शोभा जाते म्हणून ग्रिलला कपडे लावण्यावरही आक्षेप घेतला. कॅनडातल्या ओन्टारियो प्रांताने २००८ मध्ये कपड्यांच्या दोरीवरची अशी बंदी अनेक घरांपुरती निष्प्रभ ठरवली, तीही वीज वाचावी म्हणून. ऊन भरपूर असलेल्या आपल्या राज्यात नव्या इमारतीत वारा खेळेल अशी, पावसापासून आडोसा असलेली वाळवणाची जागा मागणे हा हट्ट नव्हे. बिल्डरने वाचवलेल्या त्या चार फुटांचे भाडे रहिवासी पुढे वीजबिलातून भरत राहतात.

तोवर निर्णय घरच्या पातळीवरच घ्यायचा आहे. यंदाच्या पावसात महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा : किती वेळा कपडे दोन दिवसांत वाळले नाहीत? खुणा आठ-दहाच असतील तर जोरदार स्पिन, पंखा आणि उघडी खिडकी पुरेशी आहे. जवळपास रोज खूण होत असेल आणि उन्हाळ्यातही दोरीला जागा नसेल, तर हीट पंपचे पैसे वाया जाणार नाहीत.