यादीत नसलेलं बाळ

परवा एका सभेत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ठासून सांगितलं, "ज्या आईला थायरॉइड आहे, तिच्याच बाळाची तपासणी करा. बाकीच्यांना उगाच टोचू नका." सभागृहाने माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाळाला जन्मतः थायरॉइडची कमतरता असणं दुर्मीळ. कोणाला धोका जास्त, ते पुस्तकांत दिलेलं आहे. ती यादी हाती घ्यायची, ज्या बाळाच्या नावापुढे खूण पडेल त्याचंच रक्त घ्यायचं. इतरांमध्ये लक्षणं दिसली तर पुढचं पुढे. खर्चही वाचतो आणि आईबापांचा जीवही टांगणीला लागत नाही.

तालुक्याच्या गावी २२ वर्षं मी बाळं तपासते आहे. हे ऐकून गप्प बसणं मला जमणार नाही.

दुर्मीळ म्हणाल, तर आपल्या देशात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. ज्या घरात ते बाळ आहे, त्या घराला दुर्मीळ या शब्दाचा काय उपयोग?

यादी खोटी नाही, हे मी आधीच मान्य करते. डाउन सिंड्रोम, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जुळं, नात्यातलं लग्न, घरात आधीचं असं मूल, आईच्या अतिक्रियाशील थायरॉइडवर चालू असलेली औषधं, आयोडिनची कमतरता, नाहीतर आयोडिनचा अतिरेक. नाळेवर सढळ हाताने लावलेलं आयोडिनचं औषधसुद्धा त्यात येतं. मुलींमध्ये हा आजार मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. मग काय मुलींचंच रक्त घ्यायचं आणि मुलगे सोडून द्यायचे?

पण या आजाराची बहुतेक बाळं, शंभरातली ऐंशीच्या आसपास, वेगळ्याच कारणाने आजारी असतात. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत थायरॉइडची ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली सरकत गळ्यात येऊन बसते. कधी ती वाटेतच अडकते, कधी पुरती वाढत नाही, तर कधी तयारच होत नाही. असं का होतं, याचं कारण फार थोड्या बाळांत सापडतं. एकाच गर्भातून फुटलेल्या हुबेहूब जुळ्यांतही बहुधा एकाला हा आजार असतो आणि दुसरं ठणठणीत असतं. आईबाप तेच, गर्भाशय तेच, मीठही तेच. यादी इथे काय निवडणार?

लक्षणांची वाट बघू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की पोटात असताना आईचं संप्रेरक वारेतून बाळापर्यंत पोचलेलं असतं, म्हणून जन्मताना बहुतेक बाळं अगदी धडधाकट दिसतात. लक्षणं उमटेपर्यंत मेंदूच्या वाढीचे अमोल आठवडे गेलेले असतात.

माझा खरा राग आईवर रोखलेल्या त्या बोटावर आहे. काही वर्षांपूर्वी साडेतीन महिन्यांचं एक बाळ माझ्याकडे आलं. बेंबी फुगून वर आलेली, जीभ ओठांबाहेर, कातडी कोरडी आणि गार, रडणं घोगरं. आजी कौतुकाने सांगत होती, "लई गुणाचं लेकरू बघा बाई, रडतच नाही, दुधालासुद्धा उठवावं लागतं." आईच्या फाइलमध्ये थायरॉइडचा रिपोर्ट होता आणि तो अगदी नॉर्मल होता. दिवस पूर्ण, वजन चांगलं, लग्न नात्यातलं नाही. यादीतल्या एकाही ओळीपुढे खूण पडली नसती. जिथे बाळंतपण झालं तिथे टाचेचं रक्त कोणी घेतलंच नव्हतं.

निदान सांगितलं तेव्हा आत्याबाईंचा पहिला प्रश्न होता, "हिनं गरोदरपणी काय खाल्लं होतं?" आणि ती पोरगी गुन्हा कबूल केल्यासारखी सांगायला लागली. कोबीची भाजी खाल्ली होती, एसटीने माहेरी गेले होते, ग्रहणात चुकून सुरी हातात घेतली होती. मी तिचा हात धरून तीनदा सांगितलं, तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. तिला ते पटलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

व्यासपीठावरून "ज्या आईला थायरॉइड आहे" म्हणताना हे घर डोळ्यांसमोर हवं. आणखी एक नुकसान मी दर महिन्याला बघते. हे वाक्य ऐकून घाबरलेल्या गरोदर बाया स्वतःची थायरॉक्सिनची गोळी बंद करतात. ती बाळाला बाधेल असं त्यांना वाटतं. खरं तर गरोदरपणात तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. आणि नीट गोळ्या घेणाऱ्या अशा बहुतेक आयांची बाळं निरोगी असतात.

मिठाच्या वेळीही असाच वाद झाला होता. गलगंड हिमालयाच्या पायथ्याचा आजार, मासळी खाणाऱ्या किनाऱ्याला आयोडिनयुक्त मीठ कशाला, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं होतं. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात गावांचे भाग पाडून आयोडिनयुक्त मिठाचा परिणाम दाखवून दिला. पुढे गलगंड समुद्रकाठच्या जिल्ह्यांतही सापडला. धोका अमक्याच लोकांना आहे असं ठरवून बाकीच्यांना वगळण्याची ही खोड जुनीच आहे.

मग करायचं काय? प्रत्येक बाळाचं रक्त तपासायचं. थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक जन्मल्याबरोबर सगळ्याच बाळांचं उसळतं, म्हणून ४८ तास उलटल्यावर, किंवा मग जन्मताच नाळेचं रक्त घेऊन. पाऊल कोमट फडक्याने शेकायचं, टाचेच्या कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, पुढचे थेंब गाळणकागदावरच्या वर्तुळांत भरायचे आणि कागद सावलीत आडवा वाळवायचा. बाळाला टोचल्याचं रडू आईने छातीशी घेतलं की थांबतं. ती यादीही मला हवी आहे, पण बाळं वगळण्यासाठी नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या, जुळ्या आणि डाउन सिंड्रोमच्या बाळांची पहिली तपासणी बरोबर आली तरी दोन आठवड्यांच्या सुमारास ती पुन्हा करायची, त्यासाठी. गोव्याने २००८मध्ये नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ साली आपल्याच पालघरला झाली. त्याच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. तो शब्द तिथून काढावा, एवढंच माझं मागणं आहे.

उपचार म्हणजे एक छोटी गोळी. दोन चमच्यांमध्ये चुरायची, आईच्या दुधाच्या काही थेंबांत कालवायची आणि रोज ठरल्या वेळी पाजायची. जन्मल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती सुरू झाली, तर मूल इतरांसारखंच शाळेत जातं. ते साडेतीन महिन्यांचं बाळ आता सहा वर्षांचं आहे. गोळी ते स्वतः मागून घेतं. अक्षरं अजून जुळत नाहीत. त्याची आई दर तपासणीला मला विचारते, "मॅडम, तेव्हाच टोचलं असतं तर?"