फिल्टर हवाच, पण एवढ्यावर भागत नाही



‘फिल्टर सोबत असला की गडावरच्या पाण्याची चिंता नको’ हे आपल्या वाचकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये जिवाणू अडकतात; काविळीचा हिपॅटायटिस-ए विषाणू त्याहून कितीतरी बारीक, तो पार जातो. साल्हेर गडावर गंगासागर तलावाचे पाणी गाळताना माझ्या पंचावर हिरवट साय धरली होती. असे पाणी थेट ओतले तर फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून आधी कापड, मग फिल्टर आणि शेवटी उकळी. सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. आणि कृपा करून टाक्यात उतरून ताटे, पाय धुऊ नका. मागून येणाऱ्यालाही तेच पाणी प्यायचे असते.

– एक दुर्गप्रेमी, नाशिक