पाचट, वणवा, कचरा : सातारा-सांगलीत कुठली आग गुन्हा ठरते?

ऊस तुटला की सातारा, सांगलीच्या शिवारांत पाचट पेटते. पण वाऱ्यावर ठिणगी उडाली की प्रकरण शेतापुरते राहत नाही.

आग वनात गेली तर?
भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणे किंवा नियम मोडून वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणे गुन्हा आहे. त्यासाठी कैद किंवा दंड होतो. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर सरकार त्या वनातील चराईचे हक्कही स्थगित करू शकते. म्हणजे काडी एकाची, झळ गावच्या जनावरांना. कोयनेसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० लागू होते.

शेजाऱ्याच्या उसाला धोका झाला तर?
भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार आगीबाबत जीवघेणा किंवा इजा होईल असा निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कचरा जाळला तर?
राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६च्या आदेशानुसार ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई.

पाचटाचे काय करायचे?
कुट्टी करून सरीत कुजवायचे. जाळल्यास त्यातील नत्र आणि सेंद्रिय कर्ब वाया जातो. कुजवल्यास ओल टिकते, खोडव्याला खत मिळते.

वणवा दिसल्यास वन विभागाची हेल्पलाइन : १९२६.