लेन्सचं सोल्युशन संपलंय? मग नळाचं पाणी, सलाईन की काहीच नको?

जुलै 2024 मधली गोष्ट. अभिनेत्री जस्मिन भसीन दिल्लीत एका कार्यक्रमाला गेली होती. तिने लेन्स लावल्या आणि थोड्याच वेळात डोळे दुखायला लागले. तरी तिने आधी कार्यक्रम उरकला. डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झालीय. डोळ्यांवर पट्ट्या बांधाव्या लागल्या. लेन्समध्ये नेमकी काय गडबड होती ते माहीत नाही, असं तिने माध्यमांना सांगितलं होतं.

अशी बातमी आली की लेन्स वापरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचं सोल्युशन चांगलं? पण आधी विचारायला हवं ते हे, की तुमच्या हातातली बाटली नक्की काम काय करते.

आता रत्नागिरी तालुक्यातलं पाली घ्या. मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो, ते गाव. इथून रोज एसटीने रत्नागिरीला कॉलेजला जाणारी पोरं लेन्स लावतात. मे महिन्यातल्या लग्नांत मेकअपसोबत रंगीत लेन्स येतात. मोबाईलवरून मागवल्या की लेन्स घरपोच मिळतात. पण रविवारी रात्री सोल्युशनची बाटली संपली तर रत्नागिरी वीसेक किलोमीटरवर. मग कुणी नळाखाली लेन्स धुतं, कुणी मेडिकलमधून सलाईन आणतं, कुणी डबीत उरलेल्या कालच्या सोल्युशनवरच चार थेंब टाकून भागवतं.

या तिन्ही जुगाडांत डोळा जाऊ शकतो. तिसरा जुगाड सगळ्यात निरुपद्रवी वाटतो ना? त्याचाच इतिहास सगळ्यात वाईट आहे.

2006 मध्ये नेमकं काय झालं होतं?

सिंगापूर, हाँगकाँग आणि मग अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांच्या कॉर्नियाला फ्युझेरियम नावाच्या बुरशीचा संसर्ग होऊ लागला. ही बुरशी माती आणि झाडापाल्यात असते, म्हणजे आपल्या परसात आहेच. अमेरिकेत 164 रुग्ण निश्चित झाले. त्यातल्या 154 जणांनी सॉफ्ट लेन्स लावल्या होत्या. 55 जणांवर कॉर्निया बदलण्याची वेळ आली.

तपास पोचला बॉश अँड लॉम्बच्या 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या सोल्युशनपर्यंत. मे 2006 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. गंमत म्हणजे कारखान्यात किंवा सीलबंद बाटल्यांत ही बुरशी सापडली नाही. सोल्युशनची रचना अशी होती की वापरताना, सुकताना त्याची बुरशी मारायची ताकद कमी पडत होती. आणि आजारी पडलेल्यांमध्ये जुन्या सोल्युशनवर नवं ओतण्याची सवय जास्त आढळली. वर्षभरानंतर, मे 2007 मध्ये, आणखी एका कंपनीचं सोल्युशन अकँथामिबा या एकपेशीय जीवाच्या संसर्गामुळे बाजारातून गेलं. दोन्ही कंपन्या नामांकित होत्या. त्यामुळे नुसतं ब्रँड बघून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

सलाईन म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी. ते लेन्स खळखळून घ्यायला चालतं, जंतू मारत नाही. डोळ्यात टाकायचे ओलाव्याचे थेंबही जंतू मारत नाहीत. रात्रभर लेन्स यात ठेवली तर ती फक्त ओली राहते. घरी मीठ घालून सलाईन बनवण्याचा विचारही नको. 1980 च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्यांपासून घरी बनवलेल्या सलाईनचा संबंध अकँथामिबाच्या संसर्गाशी जोडला गेला होता.

लेन्स ठेवायला दोनच प्रकार उरतात. पहिला 'मल्टिपर्पज'. धुणं, निर्जंतुक करणं, बुडवून ठेवणं, सगळं एकाच बाटलीत. बहुतेक जण हेच वापरतात. या सोल्युशनची ताकद मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ 14729. त्यात नुसत्या सोल्युशनने तीन प्रकारचे जिवाणू 99.9 टक्के कमी करावे लागतात, पण बुरशी 90 टक्के कमी केली तरी पास. अकँथामिबा तर या चाचणीच्या यादीतच नाही. म्हणून बाटलीवर 'नो रब' असं लिहिलेलं असलं तरी लेन्स तळहातावर ठेवून बोटाने हलकेच चोळा आणि सोल्युशननेच धुवा. अमेरिकेच्या एफडीएचाही सल्ला हाच आहे. 'नो रब' जाहिरातीत छान दिसतं, इतकंच.

दुसरा प्रकार हायड्रोजन पेरॉक्साईडचा. हे 3 टक्क्यांचं असतं, जास्त ताकदवान, आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने ॲलर्जीवाल्यांना बरं पडतं. पण ते थेट डोळ्यात गेलं तर आग आग होते आणि कॉर्निया भाजतो. सोबत मिळणाऱ्या खास डबीत किंवा गोळी टाकून, बाटलीवर लिहिलंय तितके तास ठेवल्यावरच त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. साध्या डबीत ते चालत नाही. घाईघाईत लेन्स लावणाऱ्यांनी यापासून लांब राहिलेलं बरं. आणि हो, मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारं पेरॉक्साईड हे नव्हे! ते लेन्सच्या जवळपासही नको.

भारतात लेन्सचं सोल्युशन 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांखाली येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून या वर्गातल्या वस्तूंना परवाना सक्तीचा आहे. त्यामुळे खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि एक्सपायरी बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या बाटलीवर यातलं काही नसेल तर परत करा. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने वर लिहा. एक्सपायरी लांब असली तरी उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते.

पाण्याचं काय?

विहीर, बोअरवेल, गच्चीवरची टाकी, फिल्टर, मिनरल वॉटर. कशाचंच पाणी नको. अकँथामिबा पाण्यात, मातीत, धुळीत असतो आणि कवच धरून बसला की क्लोरीनलाही दाद देत नाही. लेन्स घालून आंघोळ नको, भाट्याच्या समुद्रात डुंबणं तर नकोच. डबीसुद्धा नळाखाली धुवायची नाही. सोल्युशनने धुवायची, उपडी करून सुकवायची, तीन महिन्यांत बदलायची.

मग रविवारी रात्री बाटली संपली तर? लेन्स काढा, टाकून द्या किंवा कोरडी पडू द्या आणि चष्मा लावा. कोरडी पडलेली लेन्स पुन्हा डोळ्यात घालू नका. लेन्स वापरणाऱ्याकडे चालू नंबरचा चष्मा हवाच; तो नसेल तर लेन्सचा खर्च सध्या परवडत नाही असं खुशाल समजा. महिन्यातून दोन-चार वेळाच लेन्स लागत असतील तर रोज फेकायच्या 'डेली' लेन्स घ्या, सोल्युशनची भानगडच उरत नाही. लग्नात मैत्रिणीच्या लेन्स 'जरा वेळ' घालणं कुठल्याच सोल्युशनने सुरक्षित होत नाही.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, धुरकट दिसतंय, तर लगेच लेन्स काढा. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉईड असेल तर लाली कमी होते, बरं वाटतं आणि आतमध्ये बुरशी वाढत राहते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पालीकरांसाठी रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे. जाताना काढलेली लेन्स फेकू नका. ती, डबी आणि सोल्युशनची बाटली एका पिशवीत घालून सोबत न्या. जंतू कोणता आहे हे शोधायला लॅबला त्यांचा उपयोग होतो.