दुसरा जोड आधीच घेऊन ठेवावा

पायाला नीट बसलेल्या धावण्याच्या बुटाचे दोन-तीन जोड एकदम घेऊन ठेवले की पिंपरी-चिंचवडमध्ये ऐकून घ्यावे लागते. ऐकवणारे जाणकार असतात. भोसरीतला सीएनसी सेटर, चाकणच्या असेंब्ली लाइनवरचा सुपरवायझर, तळवड्यातला स्टोअर सांभाळणारा, ही सगळी माणसे ‘साठा म्हणजे अपव्यय’ या शिकवणीत तयार झालेली आहेत. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी सांगितलेल्या सात अपव्ययांत साठा येतो, हे त्यांना पाठ असते. म्हणून त्यांचे आक्षेप सरळ असतात. पैसा अडकतो. माल पडून खराब होतो. वर्षभरात अधिक चांगले मॉडेल येते. पाय तोच राहत नाही. आणि शेवटी, हा निव्वळ हव्यास आहे. हे आक्षेप गंभीर आहेत, म्हणून प्रत्येकाला उत्तर द्यायला हवे. माझे मत स्पष्ट आहे: नियमित धावणाऱ्याने पारखून घेतलेल्या बुटाचा पुढचा जोड घरात ठेवावा, आणि असे करणे याच पट्ट्याच्या कारखानदारी शिस्तीला धरून आहे.

पहिला आक्षेप पैसा अडकण्याचा, म्हणजेच ‘जस्ट इन टाइम’चा. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच आणावे, हे तत्त्व बरोबर आहे. पण ते एका अटीवर उभे आहे, आणि आक्षेप घेणारे नेमकी ती अट विसरतात. चाकणच्या गाडीला भोसरीहून जाणारा सुटा भाग ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनतो. त्या ड्रॉइंगवर रिव्हिजन क्रमांक असतो. पुरवठादाराला कच्चा माल बदलायचा असेल, नवा साचा वापरायचा असेल किंवा उत्पादन दुसऱ्या प्लँटमध्ये हलवायचे असेल, तर आधी ग्राहकाला कळवून, नमुने देऊन, नव्याने मंजुरी घ्यावी लागते. उद्या येणारा भाग आजच्यासारखाच असेल, ही खात्री आधी मिळते. बिनमधला साठा त्यानंतर कमी होतो.

बुटाच्या ग्राहकाला यातले काय मिळते? नायकीचे पेगासस 1983 मध्ये बाजारात आले. नाव तेच राहिले, आतला बूट पुन्हा पुन्हा बदलला. 2023 मध्ये त्याची चाळिसावी आवृत्ती होती, 2024 मध्ये एक्केचाळिसावी आली आणि तळव्याखालचा फोमच वेगळा झाला. असिक्सच्या जेल-निंबसची पंचविसावी आवृत्ती 2023 मध्ये आली तेव्हा सोल जाड झाला आणि टाचेत बाहेरून दिसणारे जेल आत गेले. काहींना हे बदल आवडले, काहींचा वर्षानुवर्षांचा बूट त्यांच्यासाठी संपला. धावणाऱ्याची मंजुरी कोणी घेतली नव्हती, आणि कंपनीवर तसे बंधनही नाही. ज्या मालाच्या पुढच्या रिव्हिजनवर आपला अधिकार नाही, त्याला ‘जस्ट इन टाइम’ लावणे म्हणजे तत्त्वाची अट सोडून फक्त घोषणा उचलणे.

शिवाय खुद्द टोयोटाने हे तत्त्व आंधळेपणाने पाळलेले नाही. 2011 च्या भूकंपानंतर जपानमधला चिपपुरवठा विस्कळीत झाला. त्यावरून धडा घेऊन टोयोटाने पुरवठादारांना काही महिने पुरतील इतक्या चिप्स बाळगायला सांगितले. त्यामुळे 2021 च्या पहिल्या सहामाहीत इतर कंपन्या अडखळत असताना टोयोटा बराच काळ तग धरून राहिली. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महिंद्राला चिप्सच्या तुटवड्यामुळे आपल्या वाहन कारखान्यांसाठी सुमारे 7 दिवस उत्पादनबंदीचे म्हणून जाहीर करावे लागले. हातात काम होते, मागणी होती, फक्त एक सुटा भाग नव्हता. ज्याला पर्याय नाही आणि जो केव्हा मिळेल याची हमी नाही, त्याचा राखीव साठा ठेवावा, हा धडा त्या वर्षाने साऱ्या वाहन उद्योगाला दिला.

आपल्या पायासाठी बूट खरोखर असा पर्याय नसलेला भाग असतो का? पुष्कळदा असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये लाखाच्या आसपास भारतीयांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यात दिसले आणि त्यातून ‘भ’ ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आज दुकानात मांडलेले बहुतेक बूट मात्र परदेशी मापांवरच बेतलेले आहेत. रुंद पंजाच्या माणसाला लांबीला बरोबर आणि रुंदीला न आवळणारा बूट शोधताना दुकाने पालथी घालावी लागतात. त्यात पादत्राणांसाठीचे गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाल्यापासून परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. नियमाचा हेतू योग्य आहे, पण परदेशात विकले जाणारे प्रत्येक मॉडेल प्रत्येक मापात इथे येईल, असे धरून चालता येत नाही. इतक्या शोधानंतर सापडलेला बूट पुढच्या वेळीही आपली वाट पाहत असेल, या भरवशाला आधार नाही.

दुसरा आक्षेप, माल पडून खराब होतो. यात तथ्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत ओलाव्यामुळे आतून विरतो. न वापरता ठेवलेल्या बुटाचा तळ काही वर्षांनी भुगा होऊन सुटतो, तो याचमुळे. पण धावण्याच्या बहुतेक बुटांचा मधला थर ईव्हीए किंवा त्याच्या जातीच्या फोमचा असतो, आणि तो असा विरत नाही. काळाबरोबर तो थोडा कडक होतो, गोंदाची पकड सैल होते, म्हणून त्यालाही मुदत आहेच. याचा अर्थ साठा करू नये असा नाही. साठ्याला मर्यादा आणि शिस्त हवी, एवढाच. जोड कोरड्या, सावलीच्या कपाटात ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नाही. बुटाच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असेल तर ती पाहूनच घ्यावा. आणि जो आधी आला तो आधी वापरावा. स्टोअरमधल्या माणसाला फिफो शिकवायची गरज नाही. तेच घरच्या कपाटात लावायचे आहे.

तिसरा आक्षेप, नवे मॉडेल अधिक चांगले असते. कोणासाठी चांगले, हा प्रश्न आहे. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडले की धावणारा आपल्या पायाला आरामदायी वाटणारा बूट निवडतो, तेव्हा तो नकळत आपल्या शरीराच्या स्वाभाविक हालचालीला सोयीचा बूट निवडत असतो. हे मत मानले तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा आपल्या पायाची साक्ष मोठी ठरते. नवे जरूर घालून पाहावे, आवडले तर स्वीकारावे. पण जुना जोड हाताशी असेल तरच ही निवड मोकळेपणाने करता येते. बूट झिजले आणि शर्यत तोंडावर आली, की दुकानात जे असेल ते घ्यावे लागते. त्याला निवड म्हणता येत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पाय बदलतो, आणि एकाच बुटावर अवलंबून राहणे बरे नव्हे. वय, वजन, बाळंतपण, दुखापत यांनी पायाचे माप बदलते, हे खरे. लक्झेंबर्गमधल्या मालिसू आणि सहकाऱ्यांनी 264 धावपटूंचा 22 आठवडे मागोवा घेतला, तेव्हा वेगवेगळे बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून माझे म्हणणे एकाच मॉडेलचे दहा जोड भरून ठेवा असे नाही. दोन मॉडेले पायात असावीत आणि ज्यावर अधिक किलोमीटर पडतात त्याचा पुढचा जोड घरात असावा. साठा वर्ष-दीड वर्षापलीकडे जाऊ नये.

आता हव्यासाचा आरोप. आठवड्याला 30 किलोमीटर धावणारा वर्षात सुमारे 1,500 किलोमीटर धावतो. एक जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. म्हणजे वर्षाला दोन ते तीन जोड लागणारच. जे नक्की लागणार ते आधी घेतल्याने खप वाढत नाही, फक्त खरेदीची वेळ बदलते. नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीवर सवलत मिळते, तेव्हा घेतले तर खर्चही कमी होतो. वर्षाचे धान्य आणि उन्हाळ्यातले वाळवण भरून ठेवणाऱ्या घराला आपण हावरे म्हणत नाही. नियोजन करणारे घर म्हणतो. हव्यास कुठे सुरू होतो, तेही सांगतो: पुन्हा चढ्या भावाने विकायला माल उचलणे आणि मिरवण्यासाठी पेट्या रचणे, इथे. त्याचे समर्थन मी करत नाही.

मग करावे काय? पहिला जोड हा पायलट लॉट समजावा. त्यावर किमान 100 किलोमीटर धावावे. चढ, डांबर, पावसातला ओला रस्ता, सगळे पाहावे. निगडीची दुर्गा टेकडी आणि स्पाइन रोड या परीक्षेला पुरेसे आहेत. घोटा, गुडघा, नखे यांची तक्रार नसेल तरच दुसरा जोड घ्यावा. ज्याची ऐपत आहे त्याने तिसरा घ्यावा. कंत्राटी पगारावर धावणाऱ्याला तीन जोड एकदम परवडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यानेच पहिला जोड अर्धा झिजताना दुसऱ्यासाठी पैसे बाजूला काढावेत, कारण चुकीच्या बुटाने आलेली दुखापत आणि पडलेला खाडा त्याला सर्वांत महाग पडतो.

या पट्ट्यातला माणूस आठ तास कंपनीने दिलेल्या सेफ्टी शूजमध्ये उभा असतो. त्या बुटांची काळजी कंपनीचे स्टोअर घेते. धावण्याचा तास मात्र त्याचा स्वतःचा आहे आणि त्या तासाचे स्टोअरही त्याने स्वतःच सांभाळायचे आहे. कुठल्या मॉडेलचे उत्पादन केव्हा थांबवायचे हे ठरवणाऱ्या दूरच्या कंपनीच्या हाती तो तास सोपवू नये.